रेखाटन संथ का होतं? डिजिटल चित्राची स्वतःची पद्धत शोधण्याचा मार्ग

एका साध्या चित्राला चार तास लागतात, आणि एवढं करून तयार झालेली रेषा पहिल्या दहा मिनिटांतल्या कच्च्या रेषेपेक्षा निर्जीव दिसते. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते. मग नवे ब्रश उतरवून घेतले जातात, मोठा टॅबलेट विकत घेतला जातो. हात मात्र क्वचितच संथ असतो. वेळ जातो दोन रेषांच्या मधल्या जागेत: पुढची रेषा कुठून काढायची, काढलेली ठेवायची की पुसायची, कुठल्या ब्रशने, कुठल्या लेयरवर (म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांपैकी कुठल्या पानावर). त्यामुळे आधी वेळ कुठे जातो ते मोजायचं, मग यंत्राचे अडथळे दूर करायचे आणि सगळ्यात शेवटी पद्धत निवडायची. हा क्रम उलटा केला तर चांगली पद्धतही आपल्याला जमत नाही असं वाटतं.

आपल्याकडे या संथपणाची मुळं शाळेतही आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत फिकट पेन्सिलीने बाह्यरेषा, मग खोडरबर, पुन्हा बाह्यरेषा, मग छटा हा क्रम अंगवळणी पडतो. वस्तुचित्रासाठी तो बरोबरच आहे, कारण समोरचा तांब्या आणि वांगं जागचं हलत नाही. तोच क्रम सीताबर्डीच्या गर्दीला किंवा मनातल्या पात्राला लावला की फसतो. तिथे बाह्यरेषा कशाची काढायची हेच अजून ठरलेलं नसतं.

आधी मोजा

नेहमी काढता तसं एक चित्र निवडा, ४५ मिनिटांचा गजर लावा आणि पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू करून काम करा. चित्रकलेच्या ॲपमधली सोय, म्हणजे प्रोक्रिएटचा टाइमलॅप्स किंवा क्रिटाचा रेकॉर्डर, यासाठी चालत नाही. दोन्ही फक्त कॅनव्हासवर काही बदललं की नोंद घेतात, आणि तुम्ही पेन उचलून विचार करत बसलेला वेळ त्यात दिसतच नाही. आपल्याला नेमका तोच पाहायचा आहे. आयपॅड आणि बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये पडदा रेकॉर्ड करण्याची सोय आधीपासून असते. संगणकावर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग दुप्पट-चौपट वेगाने बघा आणि कागदावर दर मिनिटाला एक अक्षर लिहा. रेषा काढली तर ‘र’, पुसलं किंवा अनडू केलं तर ‘प’, झूम किंवा कॅनव्हास फिरवणं म्हणजे ‘झ’, ब्रश-रंग-लेयर यांची निवड म्हणजे ‘स’, संदर्भचित्र शोधणं ‘श’, आणि काहीच न होणं ‘थ’. ४५ अक्षरं झाली की बेरीज करा.

‘प’ जास्त असेल तर तुम्ही रेषेकडून पहिल्याच फटक्यात अंतिम निकाल मागत आहात. ‘झ’ जास्त असेल तर टॅबलेटचं माप किंवा कॅनव्हासचा आकार जुळत नाही, म्हणजे दोष बहुधा यंत्राकडे आहे. ‘स’ जास्त असेल तर ब्रश कमी करा, उपाय तेवढाच. ‘श’ जास्त असेल तर संदर्भ आधी गोळा करून एका पानावर लावून ठेवायचे आणि एकदा पेन हातात घेतलं की ब्राउझर उघडायचा नाही. ‘थ’ जास्त दिसला म्हणून घाबरू नका. तो चित्राच्या सुरुवातीला असेल तर चांगलाच आहे. मध्येच, दर दोन मिनिटांनी येत असेल तर तुम्ही रचना, आकार आणि तपशील हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवत आहात.

यंत्राचे अडथळे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे एक संध्याकाळ घालवली तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

पडदा नसलेला टॅबलेट वापरत असाल तर प्रमाण तपासा. वन बाय वॅकॉमच्या छोट्या टॅबलेटची चालती जागा सुमारे १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे. २४ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर. म्हणजे हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावरची रेषा साडेतीन सेंटिमीटर धावते, आणि हाताची बारीक थरथरही साडेतीनपट मोठी होते. मग माणूस नकळत हात आवरून, जपून काढू लागतो. इथे मोठा टॅबलेट घेण्याआधी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेटसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅबलेट पडद्याच्या अर्ध्या-पाऊण भागालाच जोडून बघा. १५.६ इंची लॅपटॉपवर हेच प्रमाण सव्वादोनपट होतं आणि ते बऱ्यापैकी सुसह्य असतं.

दुसरी बाब लांबी-रुंदीची. त्या टॅबलेटचं प्रमाण १६:१० आहे, पडदा १६:९. दोन्ही पूर्ण जोडले तर हाताने काढलेलं गोल वर्तुळ पडद्यावर सुमारे ११ टक्के रुंद होतं. चेहरे फुगीर का येतात याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. ड्रायव्हरमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय चालू करा. मग एखादी बाटलीची टोपी टॅबलेटवर ठेवून तिच्या कडेने पेन फिरवा आणि पडद्यावर गोल उमटतो का ते पाहा.

विंडोजवर पेन टेकवल्यावर क्षणभर गोल कडं दिसतं आणि रेषा उशिरा सुरू होते, ती ‘प्रेस अँड होल्ड फॉर राइट क्लिक’ या सोयीमुळे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पेन अँड टच’मध्ये जाऊन ती बंद करा. क्रिटात दाबाचा फरकच उमटत नसेल किंवा रेषेची सुरुवात वळणाऐवजी सरळ तुकड्यासारखी येत असेल तर टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनचे संकेत वाचण्याच्या दोन पद्धती) यांपैकी सध्या जे निवडलेलं आहे त्याच्या उलट निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा सुरू करा.

रेषा दातेरी येते, पेन स्थिर धरलं तरी कर्सर थरथरतो, आणि हे फक्त चार्जर लावलेला असतानाच होतं? मग अर्थिंगचा संशय घ्या. चार्जर काढून दहा मिनिटं काढून बघा. थरथर थांबली तर भिंतीतला सॉकेट तपासून घ्या किंवा तीन पिनांचा, नीट अर्थिंग असलेला बोर्ड वापरा. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हा प्रकार दिसतो, आणि लोक बिचारे महिनोन्‌महिने आपल्या हाताला दोष देत राहतात.

दाबाची वक्ररेषा, म्हणजे प्रेशर कर्व्ह, हाही दुर्लक्षित विषय आहे. जाड रेषेसाठी जोरात दाबावं लागत असेल तर हात लवकर दमतो आणि रेषा जड होते. वक्र मधून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे उचला, म्हणजे हलक्या दाबालाही ब्रश प्रतिसाद देईल. ज्यांचा हात मुळातच जड आहे त्यांनी उलट करायचं. क्रिटात ही सोय टॅबलेट सेटिंग्जमध्ये आहे, प्रोक्रिएटमध्ये ‘प्रेशर अँड स्मूदिंग’मध्ये.

आता स्टॅबिलायझर. रेषा गुळगुळीत यावी म्हणून नवशिके तो शेवटपर्यंत चढवून ठेवतात, आणि रेखाटन संथ होण्याचं हे सगळ्यात लपलेलं कारण आहे. स्टॅबिलायझर हाताच्या हालचालींची सरासरी काढतो, त्यामुळे रेषा पेनच्या मागून येते. डोळा रेषेकडे असतो, म्हणून मेंदू हाताचा वेग त्या मागे पडलेल्या रेषेशी जुळवतो. परिणामी गुळगुळीत, संथ आणि ताणलेली रेषा. कच्च्या रेखाटनासाठी प्रोक्रिएटचं स्ट्रीमलाइन किंवा क्लिप स्टुडिओचं स्टॅबिलायझेशन ० ते १० मध्ये ठेवा. क्रिटात टूल ऑप्शन्समध्ये ‘बेसिक’ निवडा. शेवटच्या शाईच्या रेषेसाठी वेगळा ब्रश ठेवून त्यात ३० ते ४० पर्यंत चढवायला हरकत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत तळहात काचेला चिकटतो. चिकटलेला हात खांद्यातून फिरत नाही, मनगटातून तुकडे-तुकडे काढतो आणि रेषा केसाळ होते. बाजारात दोन बोटांचा ड्रॉइंग ग्लोव्ह मिळतो. नाही मिळाला तर जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून करंगळी आणि अनामिकेवर चढवा, काम तितकंच होतं. कूलरचा झोत थेट पडद्यावर येऊ देऊ नका. काचेवर मॅट फिल्म लावली तर कागदासारखी पकड येते, पण ॲपल पेन्सिलचं टोक त्यावर लवकर झिजतं. टोक एका बाजूने चपटं झालं की रेषा अचानक घसरते, तेव्हा सुटं टोक जवळ असू द्या.

कॅनव्हास, ब्रश, लेयर

कच्चं रेखाटन ए४ आकारात ३०० डीपीआयवर, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलवर सुरू करण्याची गरज नाही. त्या आकाराचा पूर्ण भरलेला एक लेयर मेमरीत सुमारे ३५ एमबी जागा घेतो आणि ६०० डीपीआयला ती चौपट होते. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्रश मागे पडू लागतो, आणि पुन्हा तीच गोष्ट: हात त्याच्याशी जुळवून घेत संथ होतो. रेखाटन २००० बाय १५०० पिक्सेलवर करा. ब्रश ८ ते १२ पिक्सेल. रचना पक्की झाली की मग आकार वाढवा. रेखाटन तेव्हा थोडं धूसर होईल, होऊ द्या. त्यावर पुन्हा काढायचंच आहे.

लहान कॅनव्हासचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. झूम करून फार काही हाती लागत नाही, त्यामुळे झूम करण्याचा मोह आपोआप कमी होतो. नियम असा ठेवा: पहिले दोन टप्पे, म्हणजे ढाचा आणि रचना, संपेपर्यंत पूर्ण पान पडद्यावर दिसलंच पाहिजे. तपशिलात शिरावंच लागलं तर पूर्ण पानाची दुसरी खिडकी उघडी ठेवा. क्रिटात ‘विंडो’मधून नवा व्ह्यू उघडता येतो, प्रोक्रिएटमध्ये ‘रेफरन्स’ चालू करता येतो, क्लिप स्टुडिओत नॅव्हिगेटर आहे.

ब्रश चार पुरेत. एक पेन्सिलीसारखा, एक कडक काठाचा अपारदर्शक, एक शाईचा आणि एक मोठा, खरखरीत पोताचा. खोडायला वेगळा ब्रश नको. क्रिटात ‘ई’ दाबलं की हातातलाच ब्रश खोडरबर होतो, त्यामुळे पोत सारखा राहतो आणि निवडीचा एक निर्णय वाचतो. बाकीचे दोनशे ब्रश काढून टाकायची गरज नाही, फक्त नजरेआड करा.

लेयर पाच: ढाचा, रचना, रेषा, सपाट रंग, छाया. नावं मराठीत द्या, पण द्याच. ‘लेयर १७’ कुठला हे शोधण्यात जाणारा वेळ रेकॉर्डिंगमध्ये ‘स’ म्हणून दिसलाच असेल.

अनडूबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. पहिल्या टप्प्यात अनडू पूर्ण बंद. चुकीची रेषा तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी काढायची, कारण चुकीची रेषा कुठे चुकली ते दाखवते. अनडू केल्यावर तो पुरावाच जातो आणि हात तीच चूक पुन्हा करतो. कीबोर्डवरून हात काढून ठेवा, प्रोक्रिएटमध्ये दोन बोटांच्या टिचकीची सवय मोडा. फार त्रास झाला तर क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये अनडूची मर्यादा पाच-सहा पायऱ्यांवर आणा. शून्य मात्र लिहू नका, तिथे शून्याचा अर्थ अमर्याद असा होतो.

तीन पद्धती

डिजिटल रेखाटन करणारे ढोबळमानाने तीन दारांतून चित्रात शिरतात. तुमचं दार कुठलं ते आधीच ठरवून चालत नाही, तिन्ही उघडून बघावी लागतात.

पहिली, *रेषेपासून*. ढाच्याच्या लेयरवर खांद्यातून फिरणाऱ्या लांब रेषांनी फक्त दिशा पकडायची: पाठीचा बाक, वजन कुठल्या पायावर आहे, मान कुठे झुकली आहे. दोन मिनिटं आणि जास्तीत जास्त पंधरा रेषा. मग लेयरची अपारदर्शकता २५ टक्क्यांवर आणून वर रचनेच्या लेयरवर घनाकार उभे करायचे, म्हणजे छातीचा पिंजरा अंड्यासारखा, कंबर खोक्यासारखी, हात-पाय नळकांड्यासारखे. आठ मिनिटं. मगच तिसऱ्या लेयरवर दिसणारी रेषा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ढाचा आणि तिसरी रेषा यांच्यामधली पायरी गाळणं. घनाकाराशिवाय थेट बाह्यरेषा काढली की खांदा कुठे संपतो हे रेषा चालू असताना ठरवावं लागतं, आणि तिथेच ‘प’ची रांग लागते.

रेषा केसाळ येत असेल तर पेन टेकवण्याआधी हवेत दोन-तीनदा तीच फेक करून घ्या आणि मग एकदाच टेकवा. प्रत्येक हाताची एक सोयीची दिशा असते. उजव्या हाताला साधारण खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारा बाक सोपा जातो. म्हणून हात वाकवू नका, कॅनव्हास फिरवा. क्रिटात ‘४’ आणि ‘६’ने कॅनव्हास फिरतो, ‘५’ने सरळ होतो. ‘एम’ने चित्र आरशात दिसतं तसं उलटतं. ते प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एकदा बघा, डोळे वर-खाली झाले असतील तर लगेच कळतं. मात्र दर मिनिटाला उलटत बसलात तर तोही एक वेळखाऊ चाळा होतो.

दुसरी, *डागापासून*. ज्यांना बाह्यरेषा आठवत नाही पण आकार आठवतो, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे, आणि असे लोक वाटतं त्यापेक्षा बरेच असतात. आयुष्यभर रेषेशी झगडतात, कारण चित्रकला म्हणजे रेषा असंच त्यांना शिकवलेलं असतं. मधल्या करड्या रंगाने संपूर्ण आकृतीची सावली भरा. क्लिप स्टुडिओत यासाठी ‘लासो फिल’ आहे. प्रोक्रिएटमध्ये फ्रीहँड सिलेक्शन घेऊन ‘कलर फिल’ चालू ठेवायचं. क्रिटात मुक्तहस्त सिलेक्शन काढून शिफ्ट आणि बॅकस्पेस दाबलं की ब्रशसाठी निवडलेला रंग भरतो. आता खोडरबराने बाहेरून कोरायचं: काखेतली फट, कोपराचा कोन, टोपीची कड. तीन-चार मिनिटांत नुसत्या सावलीवरून माणूस काय करतोय ते ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर आत तपशील भरून ते येणार नाही, पोझ बदला.

मग त्या आकाराच्या आतच रंग उमटेल असा (क्लिपिंग) लेयर वर घ्यायचा आणि त्यावर फक्त दोन छटा: एक गडद, एक उजळ. प्रोक्रिएट आणि क्लिप स्टुडिओत क्लिपिंगचा पर्याय सरळ मिळतो. क्रिटात ‘इनहेरिट अल्फा’ वापरतात आणि तिथे नवशिके हमखास अडकतात. हा पर्याय खालच्या सगळ्या लेयरांचा एकत्र आकार धरतो. खाली पांढरा भरलेला पार्श्वभूमीचा लेयर असेल तर छाया आकाराबाहेर सांडते आणि पर्याय बिघडलाय असं वाटतं. आकृतीचा लेयर आणि छायेचा लेयर दोघांना एका ग्रुपमध्ये टाका, प्रश्न सुटतो. रेषा हवीच असेल तर शेवटी, आणि फक्त जिथे दोन सारख्या छटा एकमेकींना भिडतात तिथे.

तिसरी, *कागदापासून*. तुमचा हात वहीवर वेगाने चालतो आणि काचेवर अडखळतो, असं असेल तर कच्चं काम कागदावरच करा. यात कमीपणा काही नाही. बॉलपेनने काढा, म्हणजे खोडायचा प्रश्नच उरत नाही. खिडकीशेजारी, सकाळच्या उजेडात, मोबाईल कागदाला समांतर धरून फोटो घ्या. ट्यूबलाइटखाली घेतला तर हाताची सावली आणि पिवळट पट्टा पडतो. ॲपमध्ये आणल्यावर लेव्हल्स या उजळ-गडदपणा बदलणाऱ्या सोयीमध्ये उजवा, पांढरा सरकपट्टा कागदाच्या रंगाच्या ढिगापर्यंत डावीकडे आणा, कागद पांढरा होतो. काळा पट्टा थोडा उजवीकडे. मग लेयर ‘मल्टिप्लाय’वर ठेवा, म्हणजे त्यातला पांढरा भाग खालचा रंग झाकणार नाही, आणि खाली रंग भरा. क्रिटात फिल्टरमधलं ‘कलर टू अल्फा’ पांढरा रंग पारदर्शक करतं आणि नुसती शाई हाती लागते.

इमारती आणि रस्ते यांना चौथी वाट आहे, ती म्हणजे मार्गदर्शक रेषा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे तीन मजले एकाच लुप्तबिंदूकडे (समांतर रेषा दूरवर जिथे मिळताना दिसतात तिथे) पळतात, ते नुसत्या डोळ्याने आखण्यात हशील नाही. क्रिटाच्या असिस्टंट टूलमधून ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ ठेवा आणि ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये ‘स्नॅप टू असिस्टंट्स’ चालू करा. हे दुसरं पाऊल विसरलं जातं आणि मग रेषा बिंदूकडे का जात नाही म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. प्रोक्रिएटमध्येही तसंच: ड्रॉइंग गाइड लावला तरी त्या विशिष्ट लेयरवर ‘ड्रॉइंग असिस्ट’ चालू करावं लागतं.

चाचणी: एक बैल, तीन वेळा

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरात असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्याकडून आणा. आकार साधा, वशिंड आणि शिंगांमुळे सावली ओळखीची, आणि तो हलत नाही. समोर तीन-चतुर्थांश कोनात ठेवा, एका बाजूने दिवा लावा. तिन्ही पद्धतींनी प्रत्येकी २० मिनिटं काढा, वेगवेगळ्या दिवशी, कारण एकाच दिवशी काढलं तर तिसऱ्या वेळेस बैल पाठ झालेला असतो आणि तिसरी पद्धत उगाचच चांगली ठरते.

मग तिन्ही चित्रं अंगठ्याएवढी लहान करून शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी तपासा. कुठला बैल लहान आकारातही उभा दिसतो? कुठल्या चित्रात २० मिनिटांच्या शेवटी सर्वांत कमी अपुरं उरलं होतं? आणि गजर वाजल्यावर कुठलं सोडवत नव्हतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आली तरी तिसऱ्याला जास्त वजन द्या. जी पद्धत पुढे न्यावीशी वाटते तीच रोज हातात घेतली जाते.

बहुतेकांची शेवटची पद्धत मिश्र निघते. माणसं डागापासून आणि वस्तू रेषेपासून, किंवा रचना कागदावर आणि घनाकार पडद्यावर. काहीही चालेल, फक्त कुठला निर्णय कुठल्या टप्प्यात घ्यायचा हे पक्कं हवं. रचना ठरवताना कपड्याच्या चुण्या काढायच्या नाहीत, आणि चुण्या काढताना आकृतीच्या हाताची जागा बदलायची नाही. तो हात चुकलाच असेल तर सिलेक्शन घेऊन ट्रान्सफॉर्मने सरकवा, पुन्हा काढू नका. ही सोय कागदावर नव्हती, इथे आहे, तर ती वापरा.

बाहेर, हलत्या माणसांवर

वेग घरात बसून एका मर्यादेपर्यंतच वाढतो. बाहेर मॉडेल थांबत नाही, त्यामुळे निर्णय घ्यावेच लागतात. सुरुवातीला अशी माणसं निवडा जी तीच हालचाल पुन्हापुन्हा करतात. तर्री पोह्यांच्या ठेल्यावरचा माणूस पोहे भरतो, वर तर्री ओततो, शेव टाकतो, प्लेट पुढे करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पानावर त्याच्या चारही अवस्थांचे ढाचे एकदम सुरू करा. तो ज्या अवस्थेत येईल त्या ढाच्यात दोन रेषा घाला. दहा-बारा प्लेटांत चारही आकृत्या पूर्ण होतात. रसवंतीवाला, इस्त्रीवाला, गोकुळपेठ बाजारात भाजी तोलणारी बाई, सगळ्यांना हेच लागू. झीरो माईलचे घोडे किंवा दीक्षाभूमीचा घुमट सोपा विषय वाटतो खरा, पण ते हलत नाहीत, त्यामुळे वेगाच्या सरावाला निरुपयोगी. प्रमाणाच्या सरावाला मात्र चांगले.

नागपुरातल्या मारबतीच्या, म्हणजे उंच पुतळ्यांच्या, मिरवणुकीत तर डागाची पद्धतच चालते. आधी मारबतीचा उंच मोठा आकार एका सपाट छटेत, मग गर्दी म्हणून खाली एकच सलग पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर फक्त सात-आठ डोकी आणि दोन-तीन वर गेलेले हात. गर्दीतला प्रत्येक माणूस काढायला गेलात तर मिरवणूक इतवारी ओलांडून गेलेली असेल. उन्हात पडदा दिसत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी छोटी वही घेऊन जा आणि तिसऱ्या पद्धतीने घरी पडद्यावर आणा.

रोजचा सराव अर्ध्या तासाहून जास्त नको: ३० सेकंदांच्या दहा आकृत्या, दोन मिनिटांच्या पाच, आणि उरलेल्या वेळात एकच. ३० सेकंदांत चेहरा काढत असाल तर चुकताय. अंगठ्यात किंवा बोटांत मुंग्या आल्या तर लगेच थांबा आणि पेन किती घट्ट धरताय ते बघा. मुंग्या रोज येऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवा.

स्वच्छ रेषेवर जाणारा वेळ

रेखाटन वेगाने होऊ लागलं की संथपणा पुढच्या खोलीत जाऊन बसतो, म्हणजे शाईच्या टप्प्यात. कच्च्या रेषेवर जपून गिरवलं की ती मरते. त्याऐवजी रेखाटनाच्या लेयरची प्रत काढा आणि तिच्यातल्या जादा रेषा खोडत जा. उरलेल्यांपैकी फक्त महत्त्वाच्या, म्हणजे वजन पेलणाऱ्या, पुढच्या आणि सावलीकडच्या रेषा शाईच्या ब्रशने पुन्हा जाड करा. दिवाळी अंकातल्या काळ्या-पांढऱ्या कथाचित्राला एवढं पुष्कळ होतं, आणि छपाईत ते गिरवलेल्या रेषेपेक्षा जिवंत दिसतं. फिकट करड्या रेषा मात्र ठेवू नका. साध्या कागदावर त्या ठिपक्यांत फुटतात.

एकसारखी कडक रेषाच हवी असेल तर क्लिप स्टुडिओचा व्हेक्टर लेयर वापरा, ज्यात प्रत्येक रेषा काढल्यावरही सुटी बदलता येते. त्यात रेषा एकमेकींच्या पुढे बिनधास्त जाऊ द्या आणि मग छेदापर्यंत खोडणाऱ्या खोडरबराने टोकं एका फटक्यात उडवा. कोपरा नेमका साधण्याच्या धडपडीत जाणारा वेळ इथे पूर्ण वाचतो. सपाट रंग भरताना क्रिटाचा ‘कलराइज मास्क’ रेषेतल्या लहान फटी सांभाळून घेतो. प्रोक्रिएटमध्ये रंग टाकल्यावर बोट न उचलता डावीकडे-उजवीकडे सरकवलं की भरण्याची मर्यादा कमी-जास्त होते. रंग सगळ्या पानावर सांडला तर बोट डावीकडे न्या.

पद्धत महिनाभर टिकली की ती फाइलमध्ये गोठवा. पाच लेयर नावांसह, अपारदर्शकता आधीच लावलेली, कोपऱ्यात चार करड्या छटांचे ठोकळे, हे सगळं रिकाम्या कॅनव्हासवर तयार करा. क्रिटात ‘फाइल’मध्ये जाऊन ‘क्रिएट टेम्प्लेट फ्रॉम इमेज’ निवडा. प्रोक्रिएटमध्ये अशी एक फाइल गॅलरीत सर्वांत वर ठेवून दर वेळी तिची प्रत काढा. मग तेच ४५ मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा करा, अक्षरं मोजा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून बघा. ‘स’ जवळपास नाहीसा झाला असेल. ‘थ’ सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत गोळा झाला असेल तर टेम्प्लेट तसाच राहू द्या. अजूनही तो पानभर विखुरलेला असेल तर रचनेच्या आधी आणखी एक पायरी घाला: पानावर सहा लहान चौकटी, प्रत्येकीत तीन मिनिटांची एक रचना, आणि त्यातली एक निवडल्याशिवाय ढाच्याच्या लेयरला हात लावायचा नाही.